अकराव्या मजल्याचा सज्जा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या कुंड्यांची माती उकरत होतो. ते म्हणाले, "अहो, तुम्ही खराडीत एवढे टॉवर उभे केलेत. पुणं कसं उंच होत गेलं त्यावर दिवाळीला लिहा की. जरा गमतीजमतीही येऊ द्या." मी म्हटलं, "गमती आहेत, पण त्या संपल्यावर जे उरतं तेही लिहीन. चालत असेल तर बघा." ते चालेल म्हणाले. संपादक आधी चालेल म्हणतात आणि नंतर वाचतात.

पहिली गोष्ट, मी टॉवर उभे केलेले नाहीत. चित्र काढतो तो आर्किटेक्ट, लोखंडाचा हिशोब करतो तो स्ट्रक्चरल कन्सल्टंट, जागा आणि नाव बिल्डरचं. या तिघांनी एसीत बसून जे ठरवलं ते उन्हात उभं राहून माणसांकडून करून घेतो तो साइट इंजिनिअर. तो मी. डिप्लोमा झालेला, डोक्यावर पिवळी टोपी, काखेत फाईल. इमारतीच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत आमचं नाव नसतं. पडली तर मात्र पहिलं आमचंच विचारतात.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा शिक्का असे, आणि तपासलेल्या मालावर तो उठवायचा. क्वार्टरच्या ओट्यावर बसून बाबा म्हणायचे, "न बघता उठवलेला शिक्का आपल्याला शोधत घरी येतो." मला तेव्हा ते जरा जास्तच वाटायचं. एवढ्या ढिगाऱ्यातून कोण कुणाला शोधत येणार?

आता गमती. मी सांगतोय तो टॉवर आयटीवाल्यांसाठी बांधायचा होता. मुंबईपुढे तो काही उंच नव्हे, पण ज्या शेतात तो उभा राहिला तिथे तोवर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे विजेचा खांब होता. आर्किटेक्टने पश्चिमेची अख्खी बाजू काचेची काढली. मी नम्रपणे विचारलं, "साहेब, पुण्यात एप्रिल असतो, हे धरलंय ना?" ते म्हणाले, "लुक महत्त्वाचा आहे." पुढे काच बसली, माणसं आली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात आतून जाड पडदे लावले गेले. आजही दुपारी दोन वाजता तिथे दिवे लावून काम करतात.

जमीन ज्यांची होती ते आबा रोज सकाळी धोतर सावरत साइटवर यायचे. जमीन विकून झाली होती, पण यायची सवय विकता आली नव्हती. एकदा वर बघत म्हणाले, "इंजिनेर, तिकडं वरपातुर पानी चढणार हाय म्हनता?" म्हटलं, पंप आहेत, चढेल. आबा म्हणाले, "मग चांगलं हाय. आमच्या घरच्या नळाला न्हाई चढत." आणि चालते झाले.

तर गमती संपल्या. माझ्याकडे एवढ्याच होत्या.

अकराव्या मजल्यावर एक मोठा सज्जा होता. आर्किटेक्ट त्याला स्काय डेक म्हणे. कंपनीच्या लोकांनी कॉफी घेऊन तिथे उभं राहावं, खाली नदी दिसावी, अशी कल्पना. सज्जा दहा फूट बाहेर आलेला, खाली खांब नाही, एका बाजूने इमारतीला धरलेला, बाकी अधांतरी.

बाहेरच्या माणसाला त्यातलं एवढंच कळलं तरी पुरे. अर्धी भाकरी एका कडेला धरून आडवी उचला. ती लोंबते, आणि बोटांजवळ वरच्या बाजूने फाटते. सज्ज्याचं तसंच. ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळ्यांची जाळी वरच्या अंगालाच हवी. साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खाली असतात, सज्ज्यात वर. पण नुसत्या सळ्या हवेत राहत नाहीत. त्यांच्याखाली सळईचेच वाकवलेले छोटे घोडे ठेवतात. साइटवर सगळे त्यांना खुर्च्या म्हणतात. खुर्च्या दबल्या की जाळी खाली जाते. वरून काँक्रीट ओतलं की झाकलं, आत काय आहे ते मग देवालाही दिसत नाही.

म्हणून ओतण्याआधी एक छापील कागद भरायचा असतो, पोअर कार्ड. सेंटरिंग म्हणजे खालच्या फळ्या आणि टेकू ठीक, लोखंड ठीक, खुर्च्या ठीक, असे रकाने. प्रत्येकापुढे बरोबरची खूण आणि खाली इंजिनिअरची सही. ती सही झाल्याशिवाय पंप सुरू होत नाही. आमच्या धंद्यातला शिक्का तो हाच.

त्या सज्ज्याचं सेंटरिंग गजानन मिस्त्रीचं होतं. वाशीमकडचा माणूस, चाळिशीचा, कानाला पेन्सिल. लिहिता-वाचता येत नसे, पण ओळंबा लावायच्या आधी त्याला खांबाचा कल कळायचा. सोबत त्याचा धाकटा भाऊ सुदाम. सुदाम बडबड्या, गजानन मुका म्हणावा असा. दहाव्या मजल्यातून लोखंडी तुळया बाहेर काढून त्यांवर टेकू उभे करायचे, तेही दहा मजल्यांच्या उंचीवर. हे काम दोघांनी इतकं नीट केलं होतं की मी दुसऱ्या साइटच्या पोरांना बघायला आणलं. गजाननची एक सवय होती. टेकू लावताना आणि काढताना प्रत्येकावर हातोडी हलकी वाजवून बघायचा. आवाजावरून त्याला कळे कुठला टेकू भार घेतोय.

आमच्याकडे स्लॅबची पूजा असते. नारळ, हळदकुंकू, पेढे. एरवी ती दोन मिनिटांची, आम्ही आणि मिस्त्री. पण स्काय डेक म्हणजे नथीतला मोती. आमच्या बिल्डर शेठनी ठरवलं, पूजा तिथेच, सज्ज्यावर, आणि काँक्रीटचा पहिला माल मुहूर्तावर पडणार. कंपनीचे परदेशी साहेब येणार, शेठचं कुटुंब, आबांचं कुटुंब, गुरुजी, फोटोग्राफर. साहेब लोकांच्या अनवाणी पायांना सळ्या टोचू नयेत म्हणून जाळीवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर लाल गालिचा. मिस्त्री लोकांना सांगितलं, पूजा होईपर्यंत खाली थांबा. गजानन आणि सुदाम दहाव्या मजल्यावर टेकूंपाशी थांबले.

वर पंचवीसएक माणसं होती. मी म्हणालो होतो की सगळे एकदम कडेला जाऊ नका. ते म्हणालो आणि फोटोग्राफर म्हणाला, "सगळे जरा मागे, कडेला या, नदी येऊ द्या फ्रेममध्ये." सगळे गेले. कडेला उभं राहून हसले. मग जागा बदलून आणखी एकदा हसले.

पूजा झाली, गालिचा गुंडाळला, फळ्या उचलल्या, आणि मी वाकून पाहिलं. भिंतीजवळच्या पट्ट्यात, जिथे सगळा ताण येतो नेमक्या तिथेच, खुर्च्या आडव्या झाल्या होत्या. जाळी चार बोटं खाली गेली होती.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे पीएम साहेब, पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"सर, खुर्च्या दबल्यात. जाळी उचलून नव्या बसवाव्या लागतील. दीड तास द्या."

"दीड तास? मुहूर्त अकरा चाळीसपर्यंत आहे. खाली मालाच्या गाड्या लागल्यात."

"सर, सज्जा आहे हा."

"मला माहीत आहे काय आहे ते. ओतता ओतता आकड्याने ओढून घ्या वर. करतातच की सगळे."

करतात सगळे, हे खरं. सळ्या बांधणारे दोन फिटर लोखंडी आकडे घेऊन उभे करायचे, माल पडत असताना जाळी वर ओढायची. ओढली की वर येते, आणि त्यावर कुणी पाय दिला की परत बसते. हे मला माहीत होतं. पीएम साहेबांनाही माहीत होतं. मी म्हणायला हवं होतं की सही करत नाही, मुहूर्त गेला खड्ड्यात. तोंडात शब्द आलेही होते. मग शेठ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय इंजिनिअर साहेब, सगळं ओके ना?" आणि मी ओके म्हणालो.

कार्ड गुडघ्यावर ठेवून मी खुणा केल्या. सेंटरिंग, ठीक. लोखंड, ठीक. खुर्च्या, ठीक. सही. पंप सुरू झाला, टाळ्या वाजल्या. फिटरना मी आकडे दिले आणि बजावलं. पाचच मिनिटांत खालून निरोप आला की ग्रुप फोटोला इंजिनिअर साहेबही हवेत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला फोटोला बोलावत होतं. मी गेलो. वीस मिनिटं गेली असतील. परत वर आलो तेव्हा भिंतीजवळचा पट्टा ओतून, घोटून सपाट झाला होता. मी फिटरला विचारलं, "उचलली होती ना?" तो म्हणाला, "उचलली ना साब." मी आणखी विचारलं नाही. उत्तर नको असलं की माणूस एकदाच विचारतो.

महिना उलटल्यावर टेकू काढायची परवानगी मीच दिली. सज्ज्याचे टेकू बाहेरच्या टोकाकडून काढत आत यायचं असतं, म्हणजे भार हळूहळू भिंतीकडे जातो. गजाननला हे माझ्या डिप्लोमाआधीपासून येत असावं. सकाळची वेळ होती. सुदाम तुळयांवरच्या फळीवर बाहेर गेला. गजानन आत, नेहमीसारखा हातोडीने एकेक टेकू वाजवत होता. मी खाली, आबांशी बोलत होतो. वर आवाज झाला तो मोठा नव्हता. कुणी जाड पुठ्ठा फाडावा तसा. मग सज्जा, तुळया, फळ्या, सगळं आलं.

सुदामचं वय तेव्हा एकोणतीस असेल. घरी बायको आणि वर्षाची मुलगी होती. यापेक्षा जास्त मी त्या सकाळबद्दल लिहू शकत नाही, आणि संपादकांनीही मागू नये.

त्याच दुपारी मी अकराव्या मजल्यावर जाऊन तुटलेली कड पाहिली. सळ्या खालच्या अंगाला होत्या. शाळकरी पोराला दाखवलं असतं तरी त्याने बोट ठेवलं असतं. चौथ्या दिवशी 'धोकादायक भाग' म्हणून ती कड फोडून साफ करण्यात आली. आदेशाची एवढी तत्परता एरवी कधी बघितली नव्हती.

चौकशी होणार होती. पीएम साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाले, "सळ्या खाली होत्या असं तुम्ही लिहू शकता. तुमचा हक्क आहे. फक्त कार्डावर सही कुणाची आहे ते आठवा." मग थोड्या मऊ आवाजात, "टेकू काढायचा क्रम चुकला की असं होतं. होतं ना?"

होतं. तेही खरंच आहे. आतला टेकू आधी काढला तरी सज्जा तुटू शकतो. खोटं बोलायला लागणारं सगळं खरं माझ्यापुढे तयार होतं. मी जबाबात लिहून दिलं: टेकू बाहेरून आत काढण्याची सूचना मी स्पष्ट दिली होती. ती पाळली गेली नसावी. 'नसावी' हा शब्द मी दहा मिनिटं विचार करून घातला. त्या शब्दामागे मी पुढची सतरा वर्षं लपलो.

ठपका गजाननवर आला. तुरुंगात वगैरे गेला नाही, शेठनी प्रकरण तिथवर जाऊ दिलं नाही आणि त्याबद्दल सगळे शेठना चांगलं म्हणाले. पण भावाच्या दहाव्याला गावात सगळ्यांना कळलं होतं की मिस्त्रीने टेकू चुकीचा काढला आणि सख्ख्या भावाला मारलं. गजाननने माझ्याकडे बघून एकदाही 'साहेब, तुम्ही असं कसं लिहिलं' म्हटलं नाही. मला वाटलं, रागावला असेल. तो हातोडी साइटवर टाकून गेला आणि परत सेंटरिंगला कुठेच दिसला नाही.

सज्जा पुन्हा ओतला. त्या वेळी खुर्च्या मी दोनदा मोजल्या. पूजा खाली गेटपाशी झाली.

त्यानंतर मी आणखी सात इमारती केल्या. माझ्या हाताखालचे म्हणायचे, साहेब फार कडक आहेत, सही करताना मांजरासारखे भोवती फिरतात. मला ते ऐकून अभिमान वाटायचा आणि लगेच स्वतःची किळस यायची. त्या पोअर कार्डाची एक प्रत माझ्या फाईलमध्ये राहिली. फाडायचा धीर झाला नाही आणि दाखवायचाही नाही.

रिटायर झालो. मागच्या हिवाळ्यात एका लग्नात जुना सुपरवायझर भेटला. बोलता बोलता म्हणाला, "गजानन मिस्त्री वाघोलीला असतो. मुलांच्या होस्टेलवर वॉचमन आहे. भावाची पोरगी त्यानंच शिकवली." मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? त्याला सांगा." दुसऱ्या रविवारी कार्ड घेऊन वाघोलीला गेलो.

होस्टेलच्या मागे दोन खोल्या. गजानन दारात स्टुलावर बसला होता. केस पांढरे, बाकी तोच. मला बघून धडपडत उठला.

"सायेब? तुम्ही? बसा न, बसा. रेणुका, पानी आन वो."

रेणुका म्हणजे सुदामची मुलगी. अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, चेहरा थेट बापाचा. तिने पाणी आणलं आणि ती काकूच्या, म्हणजे गजाननच्या बायकोच्या, शेजारी उभी राहिली. मी म्हटलं, बरं झालं, हिच्यासमोरच बोलतो.

मी बोललो. इतकी वर्षं मनात घोकलेलं सगळं. लाल गालिचा, दबलेल्या खुर्च्या, दीड तास, ओके, सही, ग्रुप फोटो, तुटलेल्या कडेतल्या सळ्या, जबाब. शेवटी म्हटलं, "गजानन, तुझं काही चुकलं नव्हतं. सज्जा टेकू काढल्यावर कधीतरी पडणारच होता, कसेही काढले असते तरी. सुदामला मी मारलं. माझ्या सहीने मारलं."

गजाननने सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"नाही सायेब. तुम्ही मोठ्या मनाचे. पन आतला टेकू मीच ठोकून पायला होता. हातोडी जरा जोरात लागली. तो ढिला झाला. मले आवाज आला होता त्याचा."

"अरे, तू रोज ठोकायचास. त्याने काही होत नाही."

"झालं त खरं. मले माहीत हाय न. सतरा साल झाले, रोज तो आवाज येते मले."

मी फाईलमधून कार्ड काढलं. म्हटलं, हे बघ, हा पुरावा. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने ते रेणुकाकडे दिलं. तिने सावकाश वाचलं.

"काका," ती म्हणाली, "यात सगळं ठीक लिहिलंय. सेंटरिंग ठीक, लोखंड ठीक, खुर्च्या ठीक. खाली यांची सही आहे."

गजानन माझ्याकडे बघून हसला. इतकं निर्मळ हसू मी त्याच्या तोंडावर साइटवरही पाहिलं नव्हतं.

"बघा सायेब. तुमचं काम बराबरच होतं. लिवलेलं हाय." मग बायकोकडे वळून म्हणाला, "पाय वो. म्हातारपनी एवढ्या दूर आले. माह्यावरचा ठपका आपल्या अंगावर घ्याले आले. असे सायेब आता कुठं भेटतेत? चहा ठेव, साखर जरा जास्त टाक."

मी आणखी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दर वेळी त्याचा आदर वाढत गेला. शेवटी त्याने माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला तर म्हणाला, "लावू द्या न." चहा आला. माझ्या हातात कप दिला तेव्हा त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. मी तो चहा प्यायलो.

रेणुका मला गेटपर्यंत सोडायला आली. कार्ड तिच्याच हातात होतं. घडी घालून तिने ते मला परत दिलं.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. मला कळलं."

मी काहीतरी बोलणार होतो. तिने बोलू दिलं नाही.

"काकांना आता ते पटणार नाही. पटलंच, तर मग सतरा वर्षं कशासाठी, ते विचारतील. ते मला नाही सांगता यायचं. तुम्हाला येईल?"

मी कार्ड फाईलमध्ये ठेवलं.

"मग परत येऊ नका," ती म्हणाली, आणि गेट ओढून घेतलं.

मी बरं म्हटलं.